मस्तानी हसते का?

ना. सं. इनामदार यांची 'राऊ' १९७२ साली पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली. पन्नास वर्षे उलटून गेली, तरी आमच्या फलटणसारख्या तालुक्याच्या गावात तिची प्रत वाचनालयाच्या कपाटात फार दिवस टिकत नाही. प्रतीची पाठ दोनदा बांधून घेतलेली, पानांच्या कडांना हळदीचे बोट लागलेले, आणि शेवटाकडे कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलेले 'अरेरे'. त्या 'अरेरे'च्या खाली दुसऱ्या अक्षरात 'खरंच' असेही लिहिले आहे. पुस्तकांवर लिहू नये असे मी वर्गात सांगते, पण हे दोन शब्द खोडायला मात्र हात धजत नाही.

या कादंबरीच्या चाहत्यांत आपल्या घरच्या मुली आणि बायका किती आहेत, ते मी जवळून पाहते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. मराठीच्या तासाला अवांतर वाचन म्हणून काय वाचले असे विचारले, की तीन-चार जणींच्या तोंडी 'राऊ' असतेच. त्यांतली एक सांगत होती, की घरी ती एकटी वाचत नाही. अम्मीला मराठी छान बोलता येते, सगळा बाजारहाट मराठीतच होतो, पण जोडाक्षरांनी भरलेले पान समोर आले की त्या कंटाळतात. नानीला फक्त उर्दू वाचता येते. मग जेवणे उरकली, भांडी घासून झाली, की मुलगी मोठ्याने वाचते आणि दोघी ऐकतात. एका रात्री नानीने मधेच थांबवून विचारले, "ही काशीबाई चांगली आहे का वाईट?" मुलगी म्हणाली, "चांगली पण नाही, वाईट पण नाही." नानी म्हणाली, "मग खरी असेल. वाच पुढं."

समीक्षकांनी 'राऊ'वर काय काय लिहिले ते मी बीएडच्या आधी एम.ए.ला वाचले होते. नानीच्या या वाक्याइतके नेमके त्यात फारसे काही सापडले नव्हते.

ऐतिहासिक कादंबऱ्या मराठीत काही कमी नाहीत. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ची. माधवराव आणि रमाबाई यांच्या सहजीवनाने त्या पिढीला वेड लावले, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे दूरदर्शनवर मालिका झाली. आमच्या घरीही ती मालिका सगळे मिळून पाहत. पण मराठी ऐतिहासिक कादंबरी हातात घेताना मुसलमान वाचकाच्या मनात एक धाकधूक असते. ती आपण एकमेकांत बोलतो, बाहेर बोलत नाही. पुढच्या प्रकरणात 'आपला' कुणी येणार, आणि तो दाढी कुरवाळत काहीतरी कपट रचणार, अशी ती धाकधूक. मोठा माणूस ते समजून घेतो, कादंबरी आहे म्हणून सोडून देतो. नववीतल्या मुलीला ते सोडून देता येत नाही. तिच्या बाकावर बाजूला बसलेली मैत्रीणही तेच पान वाचत असते. सध्या तर इतिहास म्हटला की मोबाइलवर भांडणच येते आणि प्रत्येकाला आधी बाजू विचारली जाते.

'राऊ' वाचताना ती बाजू विचारली जात नाही. तिथे बुंदेलखंडातून आलेली, मुसलमान म्हणून वाढलेली एक मुलगी नायिका आहे. तिच्यावर प्रेम करणारा नायक मराठ्यांचा सर्वांत मोठा सेनापती आहे, आणि लेखकाचे सगळे काळीज त्या दोघांच्या बाजूला आहे. कादंबरीतले खलपुरुष म्हणावेत तर ते घरातलेच आहेत: सोवळे, प्रतिष्ठा, लोक काय म्हणतील. ही भीती आपल्या घरांनाही चांगली माहीत आहे, म्हणून नानीला काशीबाई लगेच कळली.

हे लिहिणारे इनामदार आपल्याच सातारा जिल्ह्याचे, खटाव तालुक्यातले. जन्म १९२३चा. १९९७ साली अहमदनगरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी आयुष्यभर बदनाम माणसे निवडली. 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव, 'शहेनशहा'मध्ये तर औरंगजेब. इतिहासाने ज्याच्यावर फुली मारली त्याच्या घरात जाऊन बसायचे, त्याची बाजू ऐकायची, ही त्यांची रीत. मुलींना मी शब्दांचाही खेळ दाखवते. 'शिकस्त' हे मराठी कादंबरीचे नाव, शब्द फारसी. 'शहेनशहा' फारसी. 'पेशवा' फारसी. आणि लेखकाचे आडनाव? इनाम अरबी, दार फारसी. फळ्यावर हे लिहिले की वर्गात खसखस पिकते आणि मग कुणीतरी 'फडणीस', 'चिटणीस', 'शिलेदार' असे एकेक आणून देऊ लागते. त्या दिवशी व्याकरणाचा धडा राहून जातो, पण त्याची भरपाई झालेली असते.

कादंबरी आणि इतिहास यांतला फरक मात्र मी दरवर्षी सांगते, कारण २०१५च्या सिनेमानंतर मुली पडद्यावरचे सगळेच खरे मानू लागल्या आहेत. मस्तानीविषयी कागदपत्रे फार थोडी आहेत. महंमदखान बंगशाने कोंडीत पकडलेल्या छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ साली बुंदेलखंडात धावून गेला, आणि त्यानंतर मस्तानी त्याच्या आयुष्यात आली. ती छत्रसालाची मुलगी असे परंपरा सांगते. ती पुण्यात राहिली, शनिवारवाड्याच्या एका दरवाज्याला तिचे नाव पडले. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला नजरकैदेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला, पाठोपाठ तीही गेली. पुणे जिल्ह्यात पाबळला तिची कबर आहे. तिचा मुलगा शमशेरबहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि भरतपूरला मरण पावला. त्याचे वंशज बांद्याचे नवाब झाले आणि १८५७ला इंग्रजांविरुद्ध उठले. हे एवढे सांगून झाले की वर्ग गप्प होतो. पानिपताच्या धड्यात शमशेरबहादूर एका ओळीपुरता येतो, आणि तो मस्तानीचा मुलगा हे कळल्यावर मुली ती ओळ पुन्हा वाचतात.

इथपर्यंत सगळे कौतुकाचे झाले. आता जी गोष्ट मला कित्येक वर्षे खुपते ती सांगते.

मस्तानी हसत नाही. ती सुंदर आहे, मानी आहे, गाते, घोड्यावर बसते, सहन करते, वाट पाहते. पण बोलण्यात कुणाला चीत करत नाही. बाजीरावाची एकदाही फिरकी घेत नाही. हा दोष एकट्या इनामदारांचा नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरीतली माणसे बहुधा अशीच असतात. कुणी शिंकत नाही, कुणाचा जोडा चावत नाही, प्रेमातसुद्धा दोघे दरबारात उभे असल्यासारखे बोलतात. घरात मात्र, आपण सगळे जाणतो, प्रेमाची पहिली खूण म्हणजे चेष्टा.

आपल्या उर्दूच्या कपाटातही दुखणे तेच आहे, हे आधी कबूल करू. ज्यांच्या घरी अब्बांच्या वेळची पुस्तके आहेत त्यांना नसीम हिजाजी माहीत असणारच. टिपू सुलतानच्या काळावरची 'और तलवार टूट गयी' आमच्या मोहल्ल्यात एका प्रतीवर वीस घरे फिरली असेल. हिजाजींचा नायक घोड्यावर बसतो, नमाज अदा करतो, किल्ला जिंकतो, आणि नायिका खिडकीत उभी राहते. लहानपणी मी त्यावर जीव टाकला आहे. पण घोडा, तलवार आणि खिडकी यांच्या पलीकडे त्या मुलीच्या डोक्यात काय चालले आहे, ते कधी कळले नाही. मराठी कपाटातला सरदार आणि उर्दू कपाटातला मुजाहिद एकमेकांना भेटले तर दोघेही मिशीला पीळ देत गप्प बसतील, असे मला कधी कधी वाटते.

तरीही उर्दूत, हिजाजींच्याही आधी, हसणाऱ्या प्रेमकथेची मोठी चाल होऊन गेली आहे. लखनौच्या 'अवध अखबार'मध्ये पंडित रतननाथ सरशार १८७८च्या अखेरीपासून 'फसाना-ए-आजाद' हप्त्याहप्त्याने लिहू लागले. तेव्हा अंकाची वाट पाहणारे वाचक तयार झाले. पुढे मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने ती चार जाडजूड खंडांत काढली. लेखक काश्मिरी पंडित, आणि बेगमांची बोली अशी लिहिली की लखनौच्या जनान्यातल्या बायकांनी दाद द्यावी. कथा साधी आहे. आजाद नावाचा भटका, देखणा, हजरजबाबी तरुण हुस्नआरावर भाळतो. ती म्हणते, असे नाही. तुर्कस्तानात जाऊन रशियाविरुद्ध लढून ये, मग लग्नाचे बोलू. तो जातो. त्याच्याबरोबर जातो खोजी: वीतभर उंचीचा, अफूच्या तंद्रीत असलेला, कुणी टपली मारली की आपली करौली शोधणारा, आणि जगातली प्रत्येक बाई आपल्यावर मरते अशी खात्री असलेला. बुआ जाफरान नावाची धिप्पाड बाई त्याला बदडून काढते ते प्रसंग वाचताना आमच्या घरात चहा उतू गेलेला आहे. प्रेमचंदांनी याच कादंबरीचा हिंदीत संक्षेप केला, त्याचे नाव 'आजाद-कथा'. ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्यांनी ती जरूर मिळवावी.

मुलींना मी हुस्नआरा सांगते तेव्हा त्यांना सर्वांत आवडते ती अट. नायिका अट घालते, तीही हसतहसत, आणि नायक मुकाट्याने परदेशी चालू लागतो! आपल्याकडे लग्न ठरताना मुलीला काय विचारतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरे नाव अब्दुल हलीम शरर यांचे. जन्म १८६०चा. १८८७ साली त्यांनी 'दिलगुदाज' हे मासिक काढले आणि त्यात ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. वॉल्टर स्कॉटची 'टॅलिस्मन' वाचून ते चिडले होते, असे सांगतात. स्कॉटने सलाहुद्दीनला उमदा रंगवला आहे, तरी मुसलमानांचे एकूण चित्र शररना खटकले. त्यांनी चिडून मोर्चा काढला नाही, पुस्तक जाळले नाही, कादंबरी लिहिली. 'मलिकुल अजीज वर्जिना'. सलाहुद्दीनचा मुलगा आणि इंग्लंडच्या रिचर्डच्या घराण्यातली मुलगी यांची प्रेमकथा. वाचकांनी ती उचलून धरली आणि उर्दूत ऐतिहासिक कादंबरीची लाट आली.

शररची खरी गंमत मात्र 'फिरदौसे बरीं'मध्ये आहे, १८९९ची. एका ओल्या, अंधाऱ्या दुपारी, वीज गेली होती म्हणून, मी ती नववीच्या वर्गाला तोंडी सांगितली. हुसैन आणि जमुर्रद डोंगरातून चालले आहेत. परीसारख्या दिसणाऱ्या बायका येतात, हुसैन बेशुद्ध पडतो, जागा होतो तेव्हा जमुर्रद नाही. मग त्याला तिचे पत्र येते, थेट स्वर्गातून! बिचारा त्या पत्रावर विश्वास ठेवतो. एका ढोंगी पीराच्या नादी लागतो, त्याच्या सांगण्यावरून माणसे मारतो, आणि बक्षीस म्हणून त्याला 'स्वर्ग' दाखवला जातो. तो स्वर्ग म्हणजे अलमूतच्या किल्ल्यातली नशेची बाग. जमुर्रद तिथे कैदी आहे. तिला पहिल्या दिवसापासून सगळे ठाऊक आहे. ती बाहेर एक गुप्त पत्र पाठवते, ते मंगोल शहजादीपर्यंत पोहोचते, हुलाकूची फौज येते आणि तो स्वर्ग जमीनदोस्त होतो. अलमूत १२५६ साली पडला, हा इतिहास. तो एका बाईच्या चिठ्ठीने पडला, ही शररची कल्पना. नायक शेवटपर्यंत भोळाच राहतो. वाचकाला केव्हाच कळलेले असते की या जोडीत डोके कुणाचे चालते.

गोष्ट संपली तशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, मग मस्तानी अशी चिठ्ठी का नाही लिहीत?"

मी तिला काही उत्तर दिले, तास संपल्याचे कारण काढून. पण प्रश्न तिथेच राहिला, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे.

आपल्या घरांत कादंबरीविषयी एक जुना संशय आहे, तोही इथे बोलून टाकू. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आपल्यातल्या कित्येकींच्या जहेजात आले. त्यात कोणती पुस्तके मुलींनी वाचू नयेत याची यादी आहे. 'गुलबकावली' आहे, 'अलिफ लैला' आहे, नॉव्हेल तर सरसकट आहेत. त्या काळच्या मौलानांची काळजी मी समजू शकते. परंतु ज्या मुलींना 'गुलबकावली' हे नावही माहीत नव्हते त्यांना ते याच यादीने कळवले, अशी एक मिस्कील आठवण आमच्या दादीमाँ सांगत. त्यांनी नंतर ती कुठून तरी मिळवली आणि गहू निवडता निवडता वाचली.

तो संशय आजही आहे. एक पालक मला भेटायला आले होते. मुलगी रात्री अकरापर्यंत 'नावेल' वाचते, दहावीचे वर्ष आहे, तुम्हीच हे वेड लावले. सज्जन माणूस, ट्रक चालवतात, आवाज चढवला नाही. मी त्यांना तिचा सहामाहीचा मराठीचा पेपर काढून दाखवला. निबंधात तिने 'डोळ्यांत प्राण आणून' असा वाक्प्रचार वापरला होता, जागच्या जागी. पाठ्यपुस्तकात तो नव्हता. ते बराच वेळ पेपर बघत राहिले. मग म्हणाले, "माझं मराठी ड्रायव्हरचं. हिचं पुस्तकाचं झालं." तक्रार होती की समाधान, मला कळले नाही. मुलीचे वाचन मात्र पुढे चालू राहिले, अकराऐवजी दहापर्यंत, असा तह झाला.

प्रेमकथेचे वाचन म्हणजे वेळेची नासाडी, असे मानणाऱ्यांसाठी एक परदेशची हकीकत सांगते. इंग्लंडमध्ये जॉर्जेट हेयर नावाची लेखिका होऊन गेली (१९०२-१९७४). सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडवर तिने हलक्याफुलक्या, चटपटीत संवादांच्या प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. ती इतिहासाचा अभ्यास एवढा कसून करी की तिचे वॉटर्लूच्या लढाईचे वर्णन जाणकारांनीही वाखाणले. समीक्षक तिच्याकडे फिरकत नसत, वाचक मात्र तुटून पडत. १९४४च्या तिच्या 'फ्रायडेज चाइल्ड'मध्ये एक उतावळा उमराव एका सुंदरीकडून नकार मिळाल्यावर रागाने शपथ घेतो, की आता जी पहिली बाई दिसेल तिच्याशी लग्न करीन. दिसते ती लहानपणापासून ओळखीची, अनाथ, भाबडी मुलगी. पुढे काय गोंधळ होतात ते तुम्ही ताडालच. तर या हेयरला एकदा रुमानियातल्या एका बाईचे पत्र आले. ती राजकीय कैदी म्हणून बारा वर्षे तुरुंगात होती. पुस्तक जवळ नव्हते. आठवणीतून ती 'फ्रायडेज चाइल्ड'ची गोष्ट सोबतच्या कैदी बायकांना पुन्हा पुन्हा सांगत असे, आणि त्यामुळे आमचे डोके ठिकाणावर राहिले, असे तिने कळवले होते. ढिगाने येणारी पत्रे हेयर ठेवत नसे. हे मात्र तिने जपून ठेवले.

बारा वर्षे! 'अलिफ लैला'तली शहरजाद एक हजार एक रात्री गोष्ट सांगून जीव वाचवते, ती कल्पना होती. ही खरी. आणि त्या कोठडीत बायकांना पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटली ती हसवणारी गोष्ट, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रडवणारी गोष्ट एकदा ऐकून पुरते.

मग मराठीत अशी ऐतिहासिक प्रेमकथा आपल्यातल्या कुणी का लिहू नये? मुसलमान मराठी लेखक नाहीत असे नाही. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून कविता, कथा, आत्मकथने येत आहेत, आणि त्याआधीही हमीद दलवाईंची 'इंधन' होतीच. पण आपण बहुतेक दुःखच लिहितो. दंगल, गरिबी, तलाक, संशय. ते लिहायलाच हवे, त्याबद्दल माझा वाद नाही. तरीही घरात नानी, अम्मी आणि नववीतली मुलगी एकत्र बसून हसतील असे पुस्तक त्यात मला सापडत नाही.

सामान आपल्याकडे भरपूर आहे. आपली दख्खनी म्हणजे चेष्टेची भाषा. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब सासू-सुनेच्या तोंडून तिच्यात जे बोलून गेले ते ऐकून हसणार नाही असा माणूस विरळा. त्याहून जुने पाहायचे तर मुल्ला वजहीचा 'सबरस' १६३५चा, गोवळकोंड्याचा. त्यात हुस्न आणि दिल यांची प्रेमकथा दख्खनी गद्यात आहे. विजापूरचा दरबारी शायर नुसरती याची 'गुलशन-ए-इश्क' १६५७च्या सुमाराची. आदिलशाही दरबारातला हा मुसलमान कवी, आणि त्याचे नायक-नायिका कोण? मनोहर आणि मधुमालती. या काळात आमच्या फलटणचे नाईक-निंबाळकर आदिलशाहीचे सरदार होते. फलटणच्याच सईबाई शिवाजीमहाराजांच्या राणी झाल्या. विजापूर, फलटण, पुणे असे माणसांचे, घोड्यांचे, सोयरिकींचे आणि शब्दांचे जाणे-येणे तेव्हा रोजचे होते. अशा वाटेवरच्या एखाद्या सरायीत दोन जिभेच्या पक्क्या माणसांची गाठ पडली नसेल, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

आणि त्यात एका गोष्टीची मला खात्री आहे. विनोद आला की बाजू गळून पडतात. खोजीला हसताना लखनौचा हिंदू आणि मुसलमान एकाच वेळी हसत होता. पराक्रमावर टाळ्या वाजवताना मात्र आपण आजूबाजूला पाहून घेतो.

'राऊ' वाचून संपवलेल्या मुलींना मी यंदा निबंधाऐवजी वेगळे काम दिले. मस्तानीचा एक प्रसंग लिहा, अट एकच, त्यात तिने कुणाला तरी हसवले पाहिजे. बऱ्याच जणींनी सिनेमातला आरसेमहाल उतरवला. एकीने मस्तानीला पुरणपोळी लाटायला बसवले आणि पोळी फाटल्यावर तिला थेट रडवलेच, अट विसरून. चिठ्ठीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने मात्र दोन पाने आणली. मस्तानी नुकतीच पुण्यात आली आहे, मराठी शिकते आहे, तिची हिंदी बुंदेलखंडातली. वाड्यातला एक कारकून येऊन दरडावतो, की तुम्ही रीत मोडली आहे, तुम्हाला शिक्षा होणार. मस्तानी खूश होते. म्हणते, कधीपासून मागत होते, पंतोजी कोण येणार ते सांगा, पाटी कुठे मिळेल? कारकून गोंधळतो. तो म्हणतो, शिक्षा म्हणजे खोलीत बंद करणार. ती म्हणते, अभ्यासाला शांतता हवीच. दाराआडून कुणाच्या तरी बांगड्या वाजतात, कुणीतरी तोंडाला पदर लावून हसते आहे. काशीबाई.

इथे दुसरे पान संपते. काशीबाई दार उघडून आत येतात की तशाच निघून जातात, हे तिचे अजून ठरत नाही. मी घाई केलेली नाही. तोवर तिने वाचनालयातून 'शिकस्त' नेली आहे, आणि पंधरा दिवस होऊन गेले तरी परत आणलेली नाही.